कैरी पिकते का?

वैशाखात बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या फळ्यावर आमरस-पुरीच्या जेवणाची सूचना लागली. एका तरुण मुलीने सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'रसासाठी प्रत्येक घराने दोन किलो पिकी कैरी आणावी, शक्यतो केसर.' दुसऱ्या दिवशी 'पिकी कैरी'खाली लाल पेन्सिलीची रेघ आली आणि शेजारी शेरा, 'कैरी पिकी नसते. पिकतो तो आंबा.' तिसऱ्या दिवशी त्याखाली निळ्या शाईत उत्तर, 'बडोद्यात असते.' जेवण झालं, कोयी फेकून झाल्या, तरी वाद मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, घराघरात गुजराती शिरली आणि मराठी बुडाली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, भाषा वाहती असते. कळलं ना काय आणायचं, मग झालं. मी दोन्हीकडचं मन लावून ऐकलं आणि मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतकं बोलूनही पिकण्याविषयी कोणीच काही बोललं नाही.

माझं मत सरळ सांगते. 'पिकी कैरी' ही चूक नाही. तो बडोद्याच्या मराठीचा स्वतःचा, विचार करून बसवलेला प्रयोग आहे आणि त्या मुलीच्या अक्षरावर लाल रेघ ओढणं अन्यायाचं झालं. पण म्हणून 'चालतंच' म्हणणारेही बरोबर ठरत नाहीत. कच्चं आणि पिकलेलं यांच्या मधल्या पायऱ्यांना मराठीत जे शब्द होते ते आपल्या हातून चालले आहेत, आणि ते गुजरातीने नेलेले नाहीत.

आधी लाल रेघेचं बघू. गुजरातीत आंबो म्हणजे झाड आणि केरी म्हणजे त्याचं फळ. फळ हिरवं असलं तर काची केरी, पिकलं तर पाकी केरी. मराठीत झाड आंबा आणि पिकलेलं फळही आंबाच. कच्च्या फळाला तेवढं कैरी हे वेगळं नाव. म्हणजे एकाच झाडाखाली दोन भाषांनी दोन निराळ्या जागी वाटणी केली. मराठीने कच्चं आणि पिकलेलं वेगळं ठेवलं, गुजरातीने झाड आणि फळ वेगळं ठेवलं. यातली कुठली वाटणी शहाणपणाची? दोन्ही. पिलाजीराव गायकवाडांच्या काळापासून, म्हणजे जवळपास तीनशे वर्षं, आपण या दोन वाटण्यांच्या मधोमध राहतो आहोत. खंडेराव मार्केटात फळवाला विचारतो, 'पाकी आपुं के काची?' आणि घरी येऊन आपण म्हणतो, पिकी आणली. इथे जरा थांबून बघा. त्या मुलीने 'पाकी' लिहिलेलं नाही, 'पिकी' लिहिलं आहे. वाटणी तिने शेजाऱ्याची घेतली, विशेषण आपलं ठेवलं. ज्याची मराठी बुडाली त्याच्या हातून हे झालं असतं का?

आणि 'पिकी'लाच नाक मुरडणाऱ्यांनी थोडं मागे जाऊन बघावं. मंडळात एकांनी सुचवलं की निदान 'पक्व फळे' तरी लिहा. पक्व संस्कृत, म्हणून शुद्ध. पिका बोलीतला, म्हणून गावठी. पण पच् या एकाच धातूतून शिजणंही आलं आणि पिकणंही. आपला स्वयंपाक, पक्वान्न, लाडवाचा पाक, सगळी त्याचीच लेकरं. फळ पिकतं म्हणजे ते उन्हाने शिजतं. त्या पक्वचं प्राकृतात काय झालं हे बाराव्या शतकात पाटणच्या हेमचंद्राचार्य या जैन व्याकरणकारांनी नोंदवून ठेवलं आहे. हे पाटण पुढे बडोदे संस्थानातच होतं. त्यांचं सूत्र सांगतं की पक्व, अंगार आणि ललाट या तीन शब्दांत पहिल्या 'अ'चा विकल्पाने 'इ' होतो. पक्क तसंच पिक्क, अंगार तसंच इंगाल, णडाल तसंच णिडाल. आता मराठी ऐका : पिका, इंगळ म्हणजे निखारा, निढळ म्हणजे कपाळ. तिन्ही ठिकाणी आपल्या भाषेने 'इ'ची वाट धरली. गुजराती पाकुं आणि हिंदी पका दुसऱ्या वाटेने गेले. निढळाचा घाम गाळणाऱ्याने 'पिका'ला गावठी म्हणावं, हे मला पटत नाही. जुनी माणसं पिकं पान, पिका आंबा असंच म्हणत. 'पिकलेला' ही त्याची लांब केलेली बहीण.

याच घरातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 'पक्का' हा शब्द आपल्याकडे हिंदीकडून आला, आणि तोही पक्वच. पण पिका आंबा मऊ आणि पक्की वीट कठीण, हे कसं? भट्टीत माती शिजली की घट्ट होते, उन्हात फळ शिजलं की सैल होतं. एकाच आगीने एकाला कडक केलं, दुसऱ्याला नरम. मराठीने दोन्ही रूपं ठेवून घेतली आणि दोघांना वेगळं काम दिलं. पक्का निश्चय, पक्का चोर, पक्की सडक. पण आंबा पिका. 'पक्का' आला त्या दिवशी कोणी लाल रेघ ओढली असती तर मराठी श्रीमंत झाली असती की गरीब?

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करते. पहिलं, आपण थोडे आहोत आणि मूळ प्रांतापासून दूर आहोत. पुण्यात कोणी इंग्रजी शब्द वापरला तर त्याच्या चारी बाजूंना मराठीच असते. इथे शब्द निसटला तर त्याला धरायला शेजारी कोणी नसतं. बहुतेक शाळांत मराठी नाही, दुकानात नाही, नातवंडांच्या खेळात नाही. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलनं या शहरात झाली याचा मलाही अभिमान आहे, पण संमेलनाच्या मांडवात कोणी 'जरा पाडाचा, म्हणजे पिकायला आलेला, बघून दे' म्हणत नाही. दुसरं, परस्परांना समजण्याचा प्रश्न खरा आहे. माझी भाची लग्न होऊन पुण्याला गेली. पहिल्याच उन्हाळ्यात तिने रसाचा बेत केला आणि सासऱ्यांना सांगितलं, बाबा, येताना चार किलो कैरी आणा. त्यांनी चांगल्या करकरीत, आंबट कैऱ्या आणल्या. घरात सगळे हसले, ती मात्र रात्री फोनवर रडली. आपल्याच भाषेत आपण परके ठरलो, हे दुःख लहान नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जोरदार आहे आणि तो लाल पेन्सिलवाल्या काकांनीच मला ऐकवला. ते म्हणाले, 'ताई, तुम्ही म्हणता शब्दांतले बारकावे जपा. मग कैरी आणि आंबा हा बारकावा नाही का? तो पुसला तर तुम्हाला चालतो, हे कसं?' प्रश्न रास्त आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं की बडोद्यात हा भेद पुसला गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. तो नावातून उठून विशेषणात जाऊन बसला. बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात आजवर रसासाठी चुकून कच्ची कैरी चिरली गेलेली नाही, की लोणच्यासाठी पिकी राजापुरी आणलेली नाही. उलट 'आंब्याखाली बसलो होतो आणि कैरी पडली' या वाक्यात झाड कुठलं, फळ कुठलं हे विचारावं लागत नाही. भाचीला पुण्यात जाताना एवढंच सांगून पाठवायला हवं होतं की तिकडे याला आंबा म्हणतात. ते आम्ही सांगितलं नाही. चूक आमची होती, तिच्या मराठीची नव्हती.

भेद पुसला जाणं म्हणजे काय, ते बघायचं तर अढी, म्हणजे पिकायला घातलेल्या आंब्यांची रास, बघावी लागेल. दांडियाबाजारात आमच्या वाड्यात माडीवरची एक अंधारी खोली वैशाखात आजीच्या ताब्यात जायची. खाली भाताचं पराळ, म्हणजे पेंढा, त्यावर एकमेकांना न चिकटता मांडलेले आंबे, देठ खाली, वर पुन्हा पराळ. आम्हा मुलांना आत जायची बंदी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आजी रोज सकाळी आंघोळ करून अढी परतायची. प्रत्येक फळ हातात घेऊन देठाशी नाक न्यायची, अंगठा देठाच्या बाजूला अलगद टेकवायची. दाबायची नाही, दाबलेल्या आंब्याला दुसऱ्या दिवशी काळा डाग येतो. मग तीन टोपल्या : आजचे, उद्याचे, परवाचे. डागी असेल तो बाहेर, कारण एक नासका की शेजारचे नासतात. आज आपल्याला ठाऊक आहे की पिकणारं फळ स्वतःच एथिलीन वायू सोडतं, पराळात तो कोंडला जातो आणि शेजारची फळं पिकायला लागतात. आजीला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण एक पिका आंबा मुद्दाम कच्च्यांच्या मध्ये ठेवायला ती विसरत नसे.

तिच्या तोंडी शब्द किती होते! झाडावर पहिलं फळ आपणहून पिकायला लागलं की 'पाड लागला', म्हणजे आता उतरवायला हरकत नाही. बाजारात 'पाडाचा' मागायचा. चिंच पूर्ण पिकायच्या आधी सालीपासून सुटायला लागते, आतून तपकिरी-हिरवी, आंबटगोड, ती 'गाभुळलेली'. भेंडी हातात मोडली नाही तर 'निबर', काकडीत बी भरलं तर 'जून'. ज्वारी आधी पोटरीवर येते, मग निसवते, मग दाणा चिकात येतो, मग हुरड्यात. इथे आपण हुरड्याला पोंक म्हणतो आणि मी ते आनंदाने म्हणते, कारण पोंक म्हणजेही नेमकी तीच अवस्था : दाणा भरलेला, पण अजून कोवळा. पाड लागण्याला इकडचा शेतकरी शाख पडली म्हणतो. तोही शब्द आपण घेतला असता तर मला काही वाटलं नसतं. पण आपण पाड सोडला आणि शाख घेतली नाही. हातात काय उरलं? 'थोडी कच्ची, थोडी पिकी.' याला मी भेद पुसणं म्हणते.

कोकणातल्या बागायतदारांकडे तर याहून सुंदर माप आहे. हापूस उतरवताना ते म्हणतात, फळ चौदा आणे झालं पाहिजे. सोळा आणे म्हणजे झाडावरच पूर्ण; तो पेटीत टिकायचा नाही. बारा आण्यांचा घाईने उतरवला तर पिकतो, पण सुरकुततो आणि गोडी येत नाही. खांदे देठाच्या वर आलेत का, देठाशी खळगा पडलाय का, पाण्यात टाकल्यावर बुडतो का, हे बघून आणे ठरतात. नाण्यांतला आणा १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हाच गेला. आंब्यातला आणा अजून चालतो. का चालतो? कोणी जपा म्हणून सांगितलं होतं का? तो वापरला नाही तर पेटी नासते आणि पैसे बुडतात, म्हणून चालतो.

म्हणूनच 'गुजराती शिरली' हे निदान मला चुकीचं वाटतं. पुण्यात, नाशकात, नागपुरात तर गुजराती शिरली नाही. तिथल्या किती मुलांना पाड ठाऊक आहे? शब्द गेला, कारण काम गेलं. आता फळ पेटीत येतं ते एकसारखं पिवळं होऊन. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन सुटतो. तरी उन्हाळ्यात धाडी पडतात आणि माल सापडतो. एथिलीनच्या खोल्यांना परवानगी आहे, दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, आणि त्यात मी दोष काढत नाही. अढीतही तोच वायू होता. पण कार्बाइडच्या आंब्याने आपल्या एका शब्दाचा घात केला. साल पिवळी, आत देठाशी पांढरं आणि आंबट, आणि आपण त्याला 'पिकलेला' म्हणून घरी आणतो. पिकणं म्हणजे आतून बदलणं. त्याचा अर्थ आता पिवळं दिसणं एवढाच होत चालला आहे. लाल पेन्सिल चालवायचीच असेल तर ती इथे चालवावी.

यावर 'चालतंच' वाले म्हणतील, काम गेलं तर शब्द जाणारच, रडता कशाला? कुळवाच्या, मोटेच्या भागांची नावंही गेली. खरं आहे, मोट गेली आणि तिचे शब्द गेले, त्याचं मला दुःख आहे पण तक्रार नाही. फळ मात्र गेलेलं नाही. आपण आजही आंबा खातो, आजही फसतो, आजही घरी येऊन म्हणतो की आतून कच्चा निघाला. गरज उभी आहे आणि शब्द निघून गेला. बाहेर पाऊस पडत असताना छत्रीचं नाव विसरावं, तसं हे आहे.

शब्द हुकमाने टिकत नाहीत, हे आपल्याच इतिहासात दिसतं. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. पैकी सचिव आजही कचेरीत बसतो, कारण त्याला काम मिळालं. सुमंत इतिहासाच्या पुस्तकात राहिला. आणि मुजुमदार, डबीर आडनावं होऊन बडोद्याच्या गल्ल्यांत नांदताहेत. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा कल्पतरू नावाचा कोश काढला तेव्हा एकेका संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले. शेजारच्या भाषेला भ्यायचं ही या गावाची रीत नव्हती. आपल्याजवळ नेमका शब्द आहे का ते बघायचं, नसेल तर शेजाऱ्याकडे बघायचं.

स्वयंपाकघरातलं उदाहरण देते, कारण तिथे लबाडी चालत नाही. माझी सून पाकाला चासणी म्हणते. म्हणू दे. पण ती एकतारी आणि दोनतारी ओळखते, बोटांच्या चिमटीत धरून तार बघते, आणि तिचे रव्याचे लाडू माझ्यापेक्षा चांगले वळतात. पाक हा शब्द तोंडात घोळवणारी, पण तार न कळणारी सून मला मिळाली असती तर मराठी वाचली असती का? पाक, पक्व, पिका एकाच घरचे, हे मी वर सांगितलंच. त्या घराला आधी अवस्था कळते, नाव मागून येतं.

घेताना काय घ्यावं आणि काय नको, याची माझी कसोटी साधी आहे. शब्द आल्याने दोन गोष्टी वेगळ्या सांगता येऊ लागल्या तर त्याला पाट द्यावा. तो आल्याने दोन गोष्टी एक झाल्या तर दारातच विचारावं. माझी नात हल्ली 'ऐकून ऐकून कान पिकले' म्हणते, गुजरातीतल्या 'कान पाकी गया'वरून. मराठीत कान किटतात. मी तिला टोकलं, पण रागाने नाही, कारण मराठीत पिकण्याचा पसारा आधीच मोठा आहे : केस पिकतात, गळू पिकतं, शेत पिकतं, जिथे पिकतं तिथे विकत नाही, आणि सभेत हशा पिकतो. हशा पिकणं तर फारच खास. हसू आधी कुठेतरी कोपऱ्यात धरतं, मग भरतं, मग एकदम सगळ्या सभेत पिकतं. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग कान पिकले तर काय बिघडलं?' मी म्हटलं, बिघडलं काही नाही. पण किटणं म्हणजे एकाच गोष्टीचा थर बसत जाणं, कढईला बसतो तसा. ते तुला आता कशाने सांगता येईल? ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी कढई घासताना म्हणाली, 'ही किटली आहे बघ.'

त्या काकांशी माझं भांडण नाही. रसाच्या दिवशी आंबे पिळायला घ्यायच्या आधी त्यांनी एकेक फळ नाकाशी नेलं आणि अकरा आंबे बाजूला काढले. 'हे आजचे नाहीत, परवाचे आहेत.' ती सूचना लिहिणारी मुलगी शेजारीच बसली होती. तिने विचारलं, 'काका, कसं कळलं?' काका म्हणाले, 'कळतं.' एवढंच. त्यांच्याजवळ सांगायला सगळं होतं, आणि विचारणारीही समोर होती.

पुढच्या वैशाखात मंडळाची मागची खोली मिळाली तर दोन पोती पराळ मी आणते. आंबे वर्गणीतून, उतरवलेले पण न पिकलेले, आणि मुलं आठ ते पंधरा वयाची. अढी परतायला काकांनी रोज सकाळी यावं आणि नाकाला काय कळतं ते मोठ्याने बोलावं. फळ्यावर सूचना त्या मुलीनेच लिहावी, तिला हवी तशी.